पेठेतल्या संपाचा अनुस्वार

ती. आत्या,

तुझ्या पायांवर डोकं ठेवतो आणि तूर्त ते तिथेच राहू देतो, कारण वर काढायला तोंड उरलेलं नाही. गुडघे कसे आहेत? डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना? (माझं विचारू नकोस. तीन दिवस अन्न गोड लागत नाही. बायको म्हणते पित्त आहे. पित्त नाही, इतिहास आहे.)

दुकानाच्या माळ्यावरचा तो फोटो तुला आठवतच असेल. पेठेत ही गर्दी, पुढच्यांच्या हातांत दंडुके, आणि मधोमध हातगाडीवर चढून हात उंचावलेले तुझे बाबा, म्हणजे आमचे आजोबा. मागे पेन्सिलीने लिहिलं होतं, 'पेठेतला संप'. झालं! त्या एका शब्दावर मी गावाच्या इतिहासात चाळीस पानं लिहिली. गर्दीतला जो तो जमिनीकडे बघतोय, त्याला मी 'अन्यायाच्या ओझ्याने झुकलेल्या माना' म्हटलं. (आजोबा शिंपी. शिंपी माणूस कुणाविरुद्ध संप करणार, हे तेव्हा डोक्यात यायला हवं होतं.) पुस्तक नगरपालिकेला इतकं आवडलं की येत्या रविवारी त्या चौकाला आजोबांचं नाव देतायत, आणि त्या संपाच्या दिवशी दुकानाच्या पायरीवर उभी असलेली सहा वर्षांची मुलगी, म्हणजे तू, प्रमुख पाहुणी आहेस.

परवा फ्रेमवाल्याकडे फोटो दिला. त्याने मागची बाजू ओल्या फडक्याने पुसली आणि अनुस्वार गेला. मी ओरडलो, तर तो शांतपणे म्हणाला, "माशीची घाण होती, साहेब." मग भिंग लावून पाहिलं, तर स आणि प यांच्यामध्ये एक पुसट काना. पेठेतला साप! आत्या, माझ्या पायांखालची जमीन सरकली. साधी पाल दिसली तरी खुर्चीवर चढणारे आपले आजोबा, ते हातगाडीवर का चढले असतील हे मला कुणी वेगळं सांगायला नको. मी लाजेने अर्धा झालो आहे. खरं सांगावं म्हणून दोनदा नगरपालिकेच्या पायऱ्या चढलो आणि दोनदा उतरलो.

तेव्हा ऊन फार आहे, गुडघ्यांना त्रास नको. नाही आलीस तरी कुणी काही म्हणणार नाही.

तुझा घाबरलेला भाचा

ता. क. वरची ओळ खोडली असं समज आणि ये. दुसऱ्यांदा पायऱ्या उतरत होतो तेव्हा कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या किल्लीवाल्याने माझा हात धरला. फोटोत सगळ्यांत पुढे दंडुका घेतलेला त्याचा बाप आहे. म्हणाला, "आमचा बाप कुणापुढे ताठ उभा राहिला होता, हे मला तुमच्यामुळे कळलं." आणि रडला. तो रविवारी पहिल्या रांगेत बसणार आहे. तेव्हा भाषणात फक्त एवढंच म्हण, की मी लहान होते, मला काही आठवत नाही. तुला आजवर एकही गोष्ट पोटात ठेवता आलेली नाही, हे मला माहीत आहे. एवढी ठेव.

ता. क. साप विषारी होता का, ते मात्र खाजगीत कळव. बिनविषारी असेल तर कळवू नकोस.