जिवंत पाणी

अहो,

मी बार्शीला दवाखान्यात निघालेय. ऑल्सन साहेबांचा जबडा फुटलाय. जीप त्यांच्या मॅडम चालवतायत, मागं मी साहेबांचं डोकं धरून बसणार.

परवा भूमच्या बाजारात साहेब म्हणाले, आमच्याकडं जिवंत पाणी आहे, तहान लागली त्यानं यावं. ते इंग्रजीत म्हणाले. मराठीत तुम्ही सांगितलंत, आणि ते पाणी म्हणजे प्रभू, हे सांगायचं तेवढं राहिलं. इथं जिवंत पाणी म्हटलं की लोकांना विहिरीतला न आटणारा झरा कळतो, हे तुम्हाला मी सांगायचं?

आज सकाळी वस्त्यांवरून बाया घागरी घेऊन आल्या. आपल्या मिशनच्या विहिरीत बघितलं तर नुसता गाळ. तुम्ही इथं नव्हता, म्हणून साहेबच बायबल उघडून समजवायला लागले, तर लोकांना वाटलं, पाणी लपवलंय आणि आधी बाटून ख्रिस्ती व्हा म्हणतोय. पहिला दगड कुणाचा, ठाऊक नाही. पहिली काठी मात्र आपल्याच बायबल शाळेच्या पोरांनी उगारली. पुतळाबाई म्हणून एक म्हातारी आहे, तिचा हात कोपरापासून लोंबतोय. तिलाही जीपमध्येच घेतलंय. दुसऱ्या हातातली घागर काही सोडत नाही.

लोक परत येतील. पोरांच्या काठ्या कोठीत टाकून कुलूप लावा आणि तुम्ही स्वतः पुढं व्हा. यावेळी साहेबांचं बोलणं सांगायचं नाही, तुमचं सांगायचंय.

ओसरीवरचं रक्त तसंच आहे. तांब्याभरच पाणी उरलं होतं, ते तुम्हाला प्यायला झाकून ठेवलंय.

मार्था