शेवटच्या कडव्यातलं नाव

अण्णा,

गेली दोन वर्षं मी चार जपानी बायकांचं गाणं ऐकते आहे. रोज ऐकते. एखाद्या दिवशी देवपूजा चुकेल, पण हे चुकत नाही. घरात कुणाला सांगायला गेलं की हसतात, म्हणून तुम्हाला सांगते. तुम्हाला घरात हसायची सवय नव्हती. डोक्यावर फेटा चढला, हातात डफ आला आणि समोर माणसं बसली की तुमच्याइतका हसरा माणूस अख्ख्या गिरणगावात सापडला नसता. डिलाईल रोडच्या खोलीचा उंबरा ओलांडलात की तोंडाला कुलूप. आई म्हणायची, "हेंचा हसणा लोकांसाठी, रागावणा आमच्यासाठी." ती हे तुमच्या पाठीमागे म्हणायची. मी तोंडावर म्हणते आहे, फक्त साठ वर्षं उशिराने.

माझी नात या बायकांना रॉक बँड म्हणते. तिने पहिल्यांदा टीव्हीवर लावलं तेव्हा मी जमिनीवर फतकल मारून कोळंबी सोलत होते. म्हटलं, काय हा मेला धिंगाणा, बंद कर आधी. ती म्हणाली, "आजी, एकच गाणं. प्लीज ना." चौघीही साठीला टेकलेल्या. गाते ती सडसडीत, केस पांढरेफेक, रंगवायची तसदी घेतलेली नाही. गिटारवालीचा चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. जी जाड तारांची मोठी गिटार वाजवते तिला बासवाली म्हणतात. ही बया कधी हसत नाही, पण तिचं वाजवणं कानाआधी पोटाला कळतं. आणि ड्रम वाजवणारी अंगाने चांगली भरलेली, बिनबाह्यांचा झगा घालून घाम पुसत पुसत असं झोडपते की सात पिढ्यांचा राग काढत असावी. सुरुवातीला नुसता ड्रम. मग गिटार करवतीसारखी चालते. मग पुढची गायला लागली, आणि तिचा श्वास जिथे संपतो नेमक्या तिथे मागच्या तिघी माइकला तोंड लावून एकदम ओरडल्या. माझ्या हातातली कोळंबी हातातच राहिली. ही झील होती, अण्णा. तुमच्या पोवाड्यातली, अगदी तीच. कुठलं जपान नि कुठलं लालबाग!

मला त्यांचं एक अक्षर कळत नाही. नात मोबाइलमध्ये बघून अर्थ सांगते. एक गाणं म्हणे चुकलेल्या बसवर आहे, एक दातदुखीवर. क्रांती नाही, राज्य नाही, काही नाही. दाढ दुखते म्हणून चार बायका हजारो माणसांसमोर बोंब मारतात आणि ती हजारो माणसं त्यांच्याबरोबर बोंब मारतात. मला फार आवडतं ते. कॉलेजात असल्यापासून एकत्र आहेत. मध्ये बासवालीची आई अंथरुणाला खिळली, म्हणून ती गावी गेली. तर बाकीच्या तिघी तिच्याशिवाय वाजवत राहिल्या आणि स्टेजवर तिची जागा मोकळी सोडायच्या. दुसरी बाई आणून उभी केली नाही. पाच वर्षांनी ती परत आली आणि आपल्या जागी उभी राहिली. नातीने त्यांचा काळा टी-शर्ट मागवून दिलाय, तो मी गाउनवर घालते. सून म्हणते, "आई, खाली तरी असं जाऊ नका." मी जाते. नाकावर टिच्चून जाते, भाजी घेऊन येते.

त्यांच्या कार्यक्रमात शेवटच्या गाण्याच्या आधी एक होतं. गाणारी थांबते, एकेकीकडे हात करते आणि तिचं नाव घेते. ड्रमवालीचं नाव घेतलं की ड्रमवाली दोन हात असे फिरवते, आणि सगळं मैदान तिचं नाव ओरडतं. मग गिटारवाली. मग बासवाली, तीही तेव्हा मान तुकवते. सगळ्यात शेवटी त्या तिघी मिळून गाणारीचं नाव घेतात. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी उठून मोरीत गेले आणि नळ सोडून रडले. नात दाराबाहेरून विचारते, "आजी, काय झालं? आवाज जास्त झाला का?" तिला काय सांगणार? तिला पोवाडा म्हणजे शाळेच्या गॅदरिंगमध्ये म्हणतात तो माहीत. शेवटच्या कडव्यात शाहीर आपलं नाव घालतो, आणि आपल्याबरोबर ढोलकीला कोण, तुणतुण्याला कोण, झिलीला कोण, तेही एकेक करून गातो, हे तिला कुठून ठाऊक असणार?

मला ठाऊक आहे. तुम्ही गिरणीच्या साचेखात्यात, मागांवर, पहिली पाळी करून यायचात आणि रविवारी दुपारी आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत तालीम भरायची. डफ तापवून देणं माझं काम. शेगडीच्या निखाऱ्यावर तो फिरवत धरायचा, कातडं ताणलं गेलं की बोटाने टिचकी मारून बघायचं. "लांब धर, जाळशीत," एवढंच तुम्ही बोलायचात. मी डफ फिरवते आहे, मोरीशी आई बांगडे साफ करते आहे, आणि तुमचे झीलकरी चुकीच्या जागी श्वास घेताहेत. मला सगळी झील पाठ होती. कुणी शिकवली नाही. खोलीच तेवढी होती, कान कुठे नेऊन ठेवणार?

मग तुमचे दोन झीलकरी मुंबईसकट मराठी राज्य मागणाऱ्या सत्याग्रहात आत गेले आणि चार दिवसांवर नायगावची सभा. तुम्ही हातात डफ घेऊन नुसते बसलेले. मी तेरा वर्षांची. शेगडीपाशी बसून मी झील उचलली, वरच्या सुरात, आणि तुम्ही वळून पाहिलंत. तसं तुम्ही माझ्याकडे आधी कधी पाहिलं नव्हतं. मग खरं शिकवायला लागलात. "झील म्हणजे पाठसून येणा न्हय," म्हणालात. "शाहिराचो श्वास सपता थंय तू उभी रवाक व्हयी. तू नसलंस तर तो पडलो." चार दिवस मी झोपेतसुद्धा तुमचा श्वास मोजत होते. सभेच्या दिवशी तुम्ही मला काकांचा पायजमा आणि सदरा घातलात, आईने वेणी डोक्याला चापून बसवली आणि त्यावर तुम्ही स्वतःच्या हाताने फेटा बांधलात. आई कडाडली, "चेडवाक चेड्याचे कपडे घालतास? शोभता तुमका ह्या?" तुम्ही म्हणालात, "गप रव. आंदोलनाचा काम आसा."

तीन वर्षं केलं हे काम. लालबाग, परळ, नायगाव, एकदा गिरगावात. तुम्ही पुढे, मी मागे डावीकडे. नंतर सुटून आलेले झीलकरीसुद्धा माझ्या तोंडाकडे बघून झील उचलायला लागले. शेवटच्या कडव्यात तुम्ही माझ्यासाठी एक पोराचं नाव घालायचात. ते नाव इथे लिहीत नाही, अजून कपाळात तिडीक जाते. लोक त्या नावाला टाळ्या वाजवायचे, आणि त्या नावावर झील द्यायला मीच. आधी आधी मजा वाटायची हो. नंतर नाही वाटली. मोर्च्यात बाया होत्या, अण्णा. आपल्या चाळीतल्या बाया पदर खोचून गेल्या, लाठ्या खाऊन आल्या, तुम्हीच त्यांच्यावर कडवं रचलंत. "रणरागिणी" म्हणालात त्यांना. आणि घरच्या पोरीला पायजमा.

राज्य झालं. चाळीत साखर वाटली, रस्त्यावर मिरवणुका. परळच्या मैदानात मोठी सभा होती आणि तुमचा पोवाडा ठरला होता. तुम्ही फेटा बांधायला घेतलात तेव्हा मी म्हटलं, "अण्णा, आज शेवटच्या कडव्यात माझं नाव घ्या. आता झालं की राज्य. फेटा राहू दे डोक्यावर, पण नाव माझं घ्या." तुम्ही फेट्याला पीळ देत म्हणालात, "बघूया." मी सोळा वर्षांची होते. "बघूया" म्हणजे हो, असं मला वाटलं. कसली खुळी मी!

मैदान खच्चून भरलेलं, मुंगीला शिरायला वाव नाही. तुम्ही असे गायलात की अंगावर काटा येत होता. हे कबूल करायला मला लाज नाही. तुमच्यासारखा शाहीर मी परत ऐकला नाही. शेवटचं कडवं आलं. ढोलकीवाल्याचं नाव आलं, तुणतुण्याचं आलं.  आणि तुम्ही ते पोराचं नाव घेतलंत. नेहमीसारखंच, हसत, हात माझ्याकडे करून. तुमचा श्वास संपला. तिथे मी उभी राहायला हवी होते, आणि मी तोंड मिटून घेतलं. बाकीचे दोघे माझ्याकडे बघत राहिले, तेही गप्प. एवढ्या माणसांत तुमचा हात हवेत आणि मागून काही नाही. शेवटी तुम्ही स्वतःच स्वतःला झील दिलीत. पहिल्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं, मग मागे हसले.

घरी आल्यावर तुम्ही मारलं नाहीत. मारलं असतंत तर बरं. फेटा माझ्या डोक्यावरून काढून घडी घातलीत आणि आईला म्हणालात, "फुड्यात हिका नेऊचंय नाय." मी विचारलं, "माझं नाव घेतलं असतं तर काय बिघडलं असतं?" तुम्ही म्हणालात, "पोवाड्यात नाव गेला काय ता गावभर जाता. उद्या तुजा लगीन करूचा आसा माका." संपलं. राज्य मिळालं, मुंबई मिळाली, आणि माझ्या तोंडाला तुम्ही पानं पुसलीत. वर्षभरात लग्न लावून दिलंत. नवरा बरा होता, दादरला ऑफिसात होता, पण तो होता तोवर मला गुणगुणणंसुद्धा जमलं नाही. मुलांना झोपवतानाही मी नुसती थोपटायचे. मुलगा म्हणतो, "आई, तुला गाता येतं हे आम्हाला माहीतच नव्हतं." त्याला कसं माहीत असेल? माझं नाव कुठल्या कडव्यात होतं?

हे सगळं तुम्हाला ऐकवायचं म्हणून वही घेऊन बसले. चांगलं फैलावर घ्यायचं होतं तुम्हाला. त्या चौघींकडे बोट दाखवून म्हणायचं होतं, बघा, असं करतात, एकमेकींचं नाव असं घेतात, कुणाचं लग्न अडलं नाही नि कुणाचं आभाळ कोसळलं नाही. इथपर्यंत हात सरसर चालला. आता जे उरलंय ते लिहायला तीन दिवस लागले. पत्र टाकायला पत्ता नाहीच, पण असता तरी मी ते टाकलं नसतं, ते पुढच्या चार ओळींसाठी.

लग्नाला चार वर्षं झाली होती. कापसाच्या धुरळ्याने तुमची छाती भरली, गिरणी सुटली, तुम्ही खाटेवर. आईला झेपेना म्हणून मी धाकट्याला कडेवर घेऊन आठ दिवस राहायला आले होते. दुपार होती, आई रेशनला गेलेली. मी पडद्याच्या आत, स्वयंपाकाच्या बाजूला. तुम्ही खोकत खोकत हाक मारलीत, "बाय, हंयसर ये गो. एक कडवा केलंय. तुजा नाव घातलंय तेच्यात, तुजा खरा नाव. मी म्हणतंय, तू झील धर." मी पडद्याला हात घातला. आणि दुसऱ्याच क्षणी असा संताप आला की बस्. मैदानात घ्यायला जमलं नाही, आणि आता खाटेवर, कुणी ऐकायला नसताना? मी आतूनच म्हटलं, "स्टोवर भात आहे, अण्णा. करपेल." तुम्ही म्हणालात, "होऊं दे. मी रवतंय." तुम्ही थांबलात. बऱ्याच वेळाने विचारलंत, "झालो भात?" मी धाकट्याला थोपटत राहिले. मग आई आली. परत तुम्ही विचारलं नाहीत आणि मी विचारू दिलं नाही. पंधरा दिवसांत तुम्ही गेलात. तुम्ही आयुष्यात एक कडवं कागदावर लिहिलं नाहीत, सगळं तोंडात. तेराव्याला ढोलकीवाल्या काकांना विचारलं, तुणतुण्याच्या काकांना विचारलं. कुणाला माहीत नव्हतं. माझं नाव तुम्ही कुठल्या शब्दाला जोडलं होतंत, कुठल्या सुरावर सोडलं होतंत, मला ठाऊक नाही.

स्टो थंड होता, अण्णा. भात जेवून भांडीसुद्धा घासून झाली होती.