दोन ओळींत न मावलेलं

एडिसन, न्यू जर्सी
९ नोव्हेंबर १९९७

प्रिय हर्षू,

सप्रेम जय भीम. पत्र बघून दचकू नकोस. दर रविवारी फोन करणारी ताई कागद घेऊन बसली म्हणजे काहीतरी बिनसलंय, असं तुला वाटणार. बिनसलंय ते माझंच. डोळे शिणलेत, मान धरलीय, ट्रेनमध्ये उभ्याउभ्या डुलक्या लागतात. आणि सोलेनने सिनेमा सोडलाय.

सोलेन म्हणजे माझी ती फ्रेंच नटी, जिच्यावरून मी फोनवर तुझं डोकं खाते. सात वर्षं तिच्या प्रत्येक फ्रेंच सिनेमाची इंग्रजी सबटायटल्स मीच लिहिली. नागपुरात फ्रेंच शिकायला लागले तेव्हा बाबांनी विचारलं होतं, त्याचं काय लोणचं घालणार? घातलं बाई, न्यूयॉर्कच्या एका बिनखिडकीच्या खोलीत. सोलेन बंदरगावातल्या मासळीवालीची पोर. मैत्रिणीला सोबत म्हणून चाचणीला गेली, मैत्रीण राहिली बाजूला आणि हिलाच घेतलं. पंधराव्या वर्षी पहिला सिनेमा, त्यात सगळा वेळ रुसून बसलेली. सतराव्या वर्षी मोठं बक्षीस. विसाव्या वर्षी अमेरिकेने बोलावलं आणि सहा महिने तिचे उच्चार घासून घासून काढले. सिनेमा पडला. मग इथल्या पेपरांनी लिहिलं, मुलीच्या बोलण्यात जीव नाही. तिचं एकेक वाक्य मी शंभरदा मागेपुढे करून ऐकलंय. जीव कुठे होता ते मला विचारा म्हणावं.

आमच्या कामाचा नियम सोपा आहे. पडद्यावर दोन ओळी, फार तर तीन-चार सेकंद. माणूस कितीही बोलो, तेवढ्यात बसवायचं. कथेला लागत नाही ते गाळायचं. मी त्यात तरबेज म्हणून माझी नोकरी टिकली. मार्चमध्ये तिची एक मुलाखत आली. पडलेल्या सिनेमाबद्दल ती हसतहसत बोलली आणि शेवटी, समोरच्याचा पुढचा प्रश्न सुरू झाल्यावर, हळूच म्हणाली, मला आता आईकडे जायचंय. जागा नव्हती. मी प्रश्न ठेवला आणि ते गाळलं. ऑगस्टमध्ये ती खरंच गेली. आईच्या दुकानात मासे तोलते म्हणे. पेपरांत आलं, कुणाला कल्पनाही नव्हती. मला होती. तेव्हापासून मी आणखी काय काय गाळलं ते आठवत बसलेय, आणि ते ऑफिसपाशी थांबत नाही.

तू नाटकासाठी मुंबईला निघालीस तेव्हा बाबा म्हणाले, आपल्या बायकांना पायातले चाळ सोडायला किती पिढ्या लागल्या, आणि तू पुन्हा बांधायला चाललीस. तू दार आपटून गेलीस. पाच वर्षं झाली. तुमचं एकमेकांना जे काही सांगायचं ते सगळं माझ्यामार्फत. ते अर्धा अर्धा तास बोलायचे, मी तुला सांगायचे, बरे आहेत, राग आहे अजून. तू रडायचीस, मी त्यांना सांगायचे, मजेत आहे. तिथेही दोनच ओळी.

गेल्या वर्षी नागपूरला तुमचा प्रयोग झाला. तू म्हातारीचं काम केलंस. त्या रविवारी बाबा फोनवर जे बोलले ते आज शब्द न गाळता लिहिते. "तिले सांग, मी पाह्यलं तिचं नाटक. मागच्या रांगेत बसलो होतो. चांगलं करते पोट्टी. मले वाटलं, चाळ दिसतील. मले माही माय दिसली." माय म्हणजे आपली गिरजाआजी, जिला तू पाहिलंही नाहीस. मी तुला सांगितलं, बाबांची तब्येत बरी आहे. विसरले नव्हते, हर्षू. मी बोर्डात आले तेव्हा ते "ठीक आहे" एवढंच म्हणाले होते. मला तुझा हेवा वाटला. तू त्यावर काहीच कळवलं नाहीस म्हणून ते गप्प झाले, आणि मी तेही होऊ दिलं.

आणखी एक. त्यांचा आवाज सर्दीने बसलाय असं मी सांगत आले, ती सर्दी नाही. घशाचा कॅन्सर आहे. तुला कळवू नको असं त्यांनी मला बजावलं होतं, आणि मीही सोयीने ऐकलं. अठ्ठावीस तारखेला स्वरयंत्र काढणार आहेत. त्यानंतर बाबा असतील, त्यांचा आवाज नसेल. मला रजा उशिरा मिळतेय, मी सव्वीसला पोचते. फोनवर मी हे परत दोन ओळींत उरकलं असतं, म्हणून उद्या मुंबईला निघालेल्या शेजारच्या धम्मदीपच्या हाती हे पत्र देतेय. "ताई, टेन्शन नको घेऊ यार, हॅन्डबॅगेतच ठेवतो, चेक-इन नाही करत," म्हणालाय. मला माफ कर, नाहीतर नको करूस, ते मागाहून बघू. पत्र मिळालं की त्याच दिवशी नागपूरची गाडी पकड. मी इथे लिहिलंय तेवढ्यावर भागवू नकोस. त्यांच्यासमोर बस आणि बोलू दे त्यांना, कितीही वेळ लागला तरी.

तुझीच,
उपासनाताई