पाच स्पीकरांतून ह्यांचा आवाज

दादा, मी कॉम्प्युटर जोडला. तयार आणलेला नाही. डबा, बोर्ड, पंखा, सीडीचा ड्राइव्ह, सगळे सुटे भाग मागवून, स्वतः स्क्रू पिळून. त्याला मोठा टीव्ही आणि पाच स्पीकर लावले. तुम्ही असता तर आधी हसला असता आणि मग माझ्या हातातलं काढून घेतलं असतं. वडवणीच्या बाजाराच्या दिवशी तुमच्या दुकानात बिघडलेल्या रेडिओ-टीव्हींची रांग लागायची आणि मी शेजारी बॅटरी धरून उभी. बॅटरी धरायची, बोलायचं नाही. एकदा तुम्ही चहाला गेलात आणि मी एका रेडिओचं मागचं झाकण उघडलं. आलात ते ओरडतच, "बिघडलंय एक अन् खोलतीस दुसरंच! पोरीच्या जातीला कशाला पायजे ह्ये?" तुमच्या लेकाला, माझ्या भावाला मात्र जवळ बसवून शिकवलंत, त्यानं पुढं पानटपरी टाकली. माझ्या लग्नात सगळं देणंघेणं उरकल्यावर तुम्ही ब्लाऊजपिसात गुंडाळून एक टेस्टर दिलात. "असू दी जवळ. सासरी शॉकबिक बसंल." तो कसा धरायचा हे मी तोवर तुमच्याकडे बघून बघूनच शिकले होते.

गेल्या पोळ्यानंतर ह्यांना लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. ह्यांचं बोलणं, दादा! सोयरीक ठरवायला इथं ह्यांच्या गावी, कड्याला येऊन गेलात तेव्हा आईला म्हणाला होतात, "पोरगं बरं हाय, पर तोंडाला टाळं न्हाई." जत्रेतल्या कुस्त्यांच्या फडात वीस-पंचवीस वर्षं माइक ह्यांच्याच हातात. बीडचे डॉक्टर म्हणाले, आवडीचं दाखवा, ऐकवा, एखादा शब्द परत येईल. त्या एका शब्दावर मी जीव टांगून बसले. जत्रेच्या शूटिंगच्या सीड्या कपाटात होत्या, पण त्या लावायचं यंत्र केव्हाच भंगारात गेलेलं, आणि मोबाइलवरचं एवढंसं चित्र ह्यांना दिसत नाही. म्हणून इंटरनेटवर पैसे भरून एक मार्गदर्शिका घेतली, घरच्या घरी थिएटरचा कॉम्प्युटर कसा जोडायचा याची. पैसे भरल्याशिवाय पहिलं पानसुद्धा उघडत नव्हतं.

लिहिणारा कोण, कुठला, माहीत नाही. पण प्रत्येक पानाच्या तळाशी तो लिहितो, जमलं नाही तर घाबरू नका, पुन्हा करा. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडाला लावून रडले. असं मला कुणी कधी म्हटलं नव्हतं. पुढे लिहिलं होतं, बोर्डाला हात लावण्याआधी स्वतःचं अर्थिंग करून घ्या. मला तुमचे उन्हाळे आठवले. दुकानामागच्या अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा टाकून तुम्ही माझ्याकडून पाणी ओतून घ्यायचात. मीही भक्तिभावानं दोन घागरी मीटरखालच्या खड्ड्यात ओतल्या. जाऊबाई दारातूनच ओरडल्या, "आवं, मानसं टँकरची वाट बघत्यात अन् तुमी मातीला पाजताय व्हय?" पुढचं पान उघडलं तर काय, नुसता कॉम्प्युटरच्या लोखंडी डब्याला हात लावायचा होता! हसत हसत ह्यांना सांगायला गेले. सांगितलं सगळं. ते खिडकीकडे बघत राहिले.

अठरा दिवस गेले. दोनदा सगळं उकलून पुन्हा जोडलं. मग एका दुपारी ह्यांची खाट टीव्हीसमोर सरकवली, पाठीशी उशा लावल्या. सीडी निवडताना मी एवढंच पाहिलं होतं की तिच्यात माणसं खूप हसतायत. चित्र आलं. धूळ, हलगी, मागच्या स्पीकरांतून माणसांचा गलका, आणि समोरून ह्यांचा आवाज, भांडी वाजतील असा: "आरं टाळ्या वाजवा की मंडळी! हात लुळे पडले का तुमचे?" सगळा फड हसला. मी ह्यांच्या मांडीवर पडलेल्या हाताकडे बघितलं. ते वाक्य मी इतक्या जत्रांत ऐकलं होतं की ते मला ऐकू येणंच बंद झालं होतं. ह्यांचं तोंड वाकडं झालं, डोळे भरले, आणि ते म्हणाले, "नगं." स्पष्ट. नऊ महिन्यांतला पहिला शब्द. मी धावत जाऊन बंद केलं, ह्यांच्या पायाशी बसून माफी मागितली.

डॉक्टरांना फोन करून सांगितलं, शब्द आला. ते म्हणाले, छान, चालू ठेवा. कुठला शब्द, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

हे घरात कुणाला ठाऊक नाही. या पत्राला पत्ता नाही, म्हणून तुम्हाला लिहिते. दुसऱ्या दिवशी मी ह्यांना पुन्हा तिथंच बसवलं आणि तेच वाक्य लावलं. ते पुन्हा "नगं" म्हणाले. तिसऱ्या दिवशीही. आता रोज दुपारी लावते, दादा. काल आवाज फुटला नाही, नुसते ओठ हलले, तर मी पुन्हा मागं घेऊन मोठ्यानं लावलं.