कोपऱ्यातली गोलाई

हेंद्रेपाडा, बदलापूर

प्रिय विनीत,

फोन उचलत नाहीस म्हणून लिहितोय. माझं अक्षर तुला ठाऊक आहे, मापांच्या वहीपलीकडे ते कधी गेलेलं नाही. चुकलं तर हस. हसलास तरी खूप झालं.

अल्पेशने मला सगळं सांगितलंय. त्याच्यावर रागावू नकोस. एका घरात राहणारा मित्र चार दिवस खोलीचं दार उघडत नसेल तर त्याने दुसरं काय करायचं? वीस तारखेला युनिव्हर्सिटीची कमिटी बसणार, नक्कल केली म्हणून तुला काढूनही टाकेल, हे ऐकलं तेव्हा मी लेथवर होतो. मशीन बंद केली आणि स्टुलावर बसून राहिलो. तुझ्या आईला अजून बोललेलो नाही. ती रोज विचारते, पोरगा फोन का करत नाही, आणि मी परीक्षा आहे म्हणून सांगतो. माझा खोटेपणा तिला एका नजरेत कळतो, तरी दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तेच विचारते. मला भीती वाटते रे. जर्मनी मला नकाशातही धड सापडत नाही, आणि तू तिथे एका बंद दाराआड.

गिअरबॉक्स म्हणे स्वतः डिझाइन करायचा होता. तू डिपार्टमेंटच्या कपाटातला गेल्या वर्षीच्या मुलांचा गिअरबॉक्स बाहेर काढलास, मी दिलेल्या व्हर्निअरने मापं घेतलीस आणि हुबेहूब त्याचंच ड्रॉइंग करून दिलंस. वर प्रोफेसरला कौतुकाने सांगितलंस, कुठेही केसाइतकाही फरक नाही म्हणून. अरे गाढवा, चोर असं सांगत सुटतो का? पण तू चोर नाहीसच. तू उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये, माझ्या गाळ्यात शिकलास. आपल्याकडे गिऱ्हाईक तुटका पार्ट टेबलावर टाकतं आणि विचारतं, ऐसाच मिलेगा? नवा आणि जुना शेजारी ठेवून फरक ओळखू आला नाही की झालं, तीच आपली पदवी. मी होतो ती अंबरनाथची कंपनी बंद पडल्यावर एवढ्याच कलेवर मी घर चालवलं.

आता जे लिहितोय ते सहा वर्षं पोटात ठेवलंय. तुझ्या दहावीच्या सुट्टीत नारीशेठच्या जीन्स धुण्याच्या मशीनचा शाफ्ट आला होता, जाड भाग संपून बारीक सुरू होतो त्या पायरीच्या कोपऱ्यात तुटलेला. तो मी तुला करायला दिला. तू त्या कोपऱ्यात बारीक गोलाई दिलीस आणि म्हणालास, बाबा, काटकोनात ताण येतो, म्हणून तिथेच तुटतो. मी शेजारच्या गाळेवाल्यांसमोर तुझ्या कानाखाली वाजवली. सॅम्पल आहे तसंच दे, अक्कल पाजळू नकोस, म्हणालो. तू लगेच दुसरा शाफ्ट केलास, काटकोनी. त्यानंतर तू स्वतःच्या डोक्याने काही केल्याचं मला आठवत नाही.

तो काटकोनी शाफ्ट दोन महिन्यांत तुटला. मी तसाच नवा दिला, तोही तुटला. मग तू क्लासला गेला होतास तेव्हा मी तुझा फेकलेला शाफ्ट भंगाराच्या डब्यातून शोधून काढला, मापं घेतली आणि तसाच केला. तो आजही चालू आहे. नारीशेठ म्हणतो, हरिचंद्रभाई, आपके हाथ में जादू है. मी मान डोलावतो. तेव्हापासून प्रत्येक शाफ्टला मी तुझीच गोलाई देतो, आणि तुझं नाव मात्र एकदाही घेतलं नाही. लाज वाटली. बापाने पोराचं बघून शिकायचं म्हणजे काय!

नक्कल कोणी केली असेल तर ती मी केली, पोरा.

ही चिठ्ठी अल्पेश दाराखालून आत सरकवील आणि सोबतचं पार्सल तुझ्या दाराशी ठेवील. आत फडक्यात गुंडाळलेला तो शाफ्ट आहे, तू केलेला, पहिला. तेल लावून जपला होता, गंज नाही. तो घेऊन वीस तारखेला कमिटीपुढे जा. चूक कबूल कर, मी काय शिकवलं तेही सांग, आणि मग हा टेबलावर ठेव. यातली गोलाई कोणाचं बघून केलेली नाही. ते ठेवतील की काढतील, मला कळत नाही. काढलं तर घरी ये, मशीन तुझीच आहे. पण त्याआधी हे पार्सल आत घ्यायला दार उघड. तेवढ्यासाठीच पाठवलंय.

तुझं बघून शिकलेला,
तुझाच बाबा