महाप्रसादाचं नाव

खपरी, जि. दुर्ग
२ फेब्रुवारी १९९९

ती. सौ. रमशीलादीदीस,
खिलेश्वरीचा सा. न. वि. वि.

इतके दिवस कळवलं नाही म्हणून रागावशील, पण दवाखान्यातून उठायला फुरसत नव्हती. १९ जानेवारीला पहाटे ददा नेहमीसारखे सायकलवर भिलाईला कामावर निघाले होते. हँडलला बासी भाताचा डबा, मागे थापी आणि ओळंबा. धुकं होतं. नाल्याच्या वळणावर मागून कुठल्यातरी गाडीने उडवलं. उजवी मांडी दोन ठिकाणी मोडली, गुडघ्याची वाटी फुटली. आत सळई घातली आहे. डॉक्टर म्हणतात, वर्षाच्या आत गुडघ्याचं दुसरं ऑपरेशन झालं नाही तर पाय असाच ताठ राहील. उकिडवं बसता न येणारा मिस्त्री भिंत कशी चढवणार, हे वडिलांना सांगायची माझी हिंमत झालेली नाही.

तुझ्या बाबांचे उपकार कसे फेडू? टोमॅटो मंडीत घेऊन जाताना महाप्रसाद ककांनीच ददांना पाहिलं, सगळा माल रस्त्याच्या कडेला उतरवला आणि आपल्याच मॅटाडोरमधून दवाखान्यात आणलं. दाई आपल्या कुंकवाला हात लावून म्हणते, तीस वर्षांपूर्वी दोघांनी जगन्नाथाचा प्रसाद एकमेकांना भरवला, एकमेकांचे महाप्रसाद झाले, जन्माच्या मैत्रीची मितानी बांधली, ती आज कामाला आली. कका रोज येतात, ददांच्या पायाशी बसतात. गंमत म्हणजे दोघेही बोलत नाहीत. एरवी गप्पांच्या भरात एकमेकांना बोलू न देणारी माणसं ही.

पोलिसांनी कागदावर 'अज्ञात वाहन' लिहिलं आहे. तसंच राहिलं तर सरकारकडून फक्त साडेबारा हजार मिळतील. गाडी सापडली तर तिच्या विमा कंपनीकडून उपचार, बुडालेली मजुरी, पुढचं नुकसान, सगळं मागता येतं. मी कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे, एवढं तरी मला कळायलाच हवं. वळणावरच्या चहावाल्यापासून वीटभट्टीपर्यंत सगळ्यांना विचारून झालं. कका सगळ्यांत आधी पोचले होते, पुढे पळणारी एखादी गाडी त्यांना दिसलीच असेल. पण मी विचारलं की ते उठून बाहेर जातात. तू एकदा विचार ना. तुझं ते ऐकतात.

भाऊजींना नमस्कार. तुझी माझ्यावर माया आहेच, तिच्याच जोरावर हे काम सांगते आहे.

तुझी,
खिलेश्वरी

----

जगदलपूर
२१ फेब्रुवारी १९९९

चि. खिलेश्वरीस,
रमशीलाचे अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी बस धरून माहेरी गेले. तुमच्याकडे न येताच परतले. का, ते ऐक आणि ऐकून झाल्यावर मला दीदी म्हणायचं की नाही ते ठरव.

तू जी गाडी शोधते आहेस ती आमच्या अंगणात उभी आहे. डाव्या दिव्याची काच नवी आहे. मी विचारल्यावर बाबांनी एक शब्दही लपवला नाही. रात्रभर टोमॅटो भरले होते, वळणावर क्षणभर डोळा लागला. धक्का बसला तेव्हा जागे झाले. उतरून पाहिलं तर रस्त्यावर त्यांचे महाप्रसाद. दवाखान्यात ते सगळ्यांसमोर बोलायला निघाले होते, पण तुझ्या ददांनी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. तेव्हापासून बाबांनी गाडीला हात लावलेला नाही. जेवायला बसतात, ताटाकडे बघतात, उठतात.

भाऊ डोमार मात्र मला म्हणाला, की खिलेश्वरी पोलिसांत गेली तर दोन्ही घरांचं पाणीसुद्धा तुटेल. गाडीचं कर्ज आहे, चैत्रात त्याचं लग्न आहे, बाप तुरुंगात गेला तर मुलगी कोण देईल, असं विचारत होता. मी त्याला उत्तर दिलं नाही. तुलाही काही सांगत नाही. तुझ्या जागी मी असते तर काय केलं असतं, याचा विचार करत बसमध्ये सात तास बसले होते. जगदलपूर आलं, उत्तर आलं नाही.

रागावलीस तरी पत्र लिहीत जा.

रमशीला

----

खपरी
९ मार्च १९९९

सौ. रमशीलादीदीस,
सा. न. वि. वि.

दीदी म्हटलं आहे, त्यावरून समज. पण राग आहे, आणि तो या पत्रात राहील.

तुझं पत्र मी ददांना वाचून दाखवलं. ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, की अपघात त्यांचा झाला, पाय त्यांचा मोडला, मग मधे बोलणारी मी कोण? मी म्हटलं, मी तुमची मुलगी, तुमच्याच मजुरीवर शिकलेली. त्यावर ते म्हणाले, की मजुरी शिकण्यासाठी दिली होती, मितानाला कोर्टात ओढायला नाही. मग पोलिसाची गोष्ट सांगितली. हवालदाराने उडवणाऱ्याचं नाव विचारलं होतं. मितानाचं नाव घ्यायचं नसतं, तोंडात प्रसाद घेतल्यापासून ते नाव जिभेवर आलेलं नाही, ते खाकी कपड्याला बघून कसं येईल? ते गप्प राहिले, हवालदाराने 'अज्ञात' लिहिलं. एका रूढीपायी माणूस आपलाच पाय गमावतो, दीदी.

तरी मी तीन दिवस तेच सांगत राहिले. विमा कशासाठी असतो? कका दरवर्षी त्याचा हप्ता भरतात तो याच दिवसासाठी. परवाना चालू आहे, कागद बरोबर आहेत, म्हणजे भरपाई कंपनी देणार, त्यांच्या घरातून काही जाणार नाही. मागणं ही भीक नाही आणि सूडही नाही. सायकलवाल्याचा रस्त्यावर गाडीवाल्याइतकाच हक्क आहे, हे कायद्यात आहे. फक्त कुणी तो मागत नाही. पण मी खोटं सांगणार नाही: फौजदारी खटला होईल, आणि निष्काळजीपणे गंभीर इजा केल्याबद्दल शिक्षाही होऊ शकते.

ददांनी कालपासून माझ्या हातचं जेवण बंद केलं आहे. दाई वाढते ते खातात.

मी ककांकडे जाणार होते, गेले नाही. त्यांनी स्वतः ठाण्यात जावं असं मला वाटतं. ते त्यांना तू सांग. मी सांगितलं तर ती मागणी होईल.

तुझ्या मायेची गरज असलेली,
खिलेश्वरी

----

जगदलपूर
४ एप्रिल १९९९

चि. खिलेश्वरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र घेऊन पुन्हा गेले. विम्याचा कागद काढून बाबांना वाचून दाखवला. आठ वर्षं तो कागद ते हनुमानाच्या तसबिरीमागे ठेवत होते, वाचला कुणीच नव्हता. ऐकून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, की म्हणजे माझ्या महाप्रसादाचा पाय या कागदात होता आणि मी दोन महिने त्यावर बसलो? मग आंघोळ केली, धोतर नेसले आणि चालत ठाण्यात गेले. मी मागून गेले. ठाणेदार हसून म्हणाले, की इतक्या वर्षांत स्वतःच्या पायाने येणारा हा पहिलाच ड्रायव्हर.

डोमारचं लग्न पुढे गेलं. तो माझ्याशी बोलत नाही. त्याचं चूक आहे असं मला म्हणवत नाही.

आता दावा दाखल कर. आणि जेवत जा, तू ददांपेक्षा जास्त हट्टी आहेस हे आम्हाला ठाऊक आहे.

घरच्या सगळ्यांवर जीव आहे तसा ठेव.

रमशीला

----

खपरी
२८ ऑक्टोबर १९९९

सौ. रमशीलादीदीस,
सा. न. वि. वि.

कका स्वतः ठाण्यात गेले म्हटल्यावर ददा अर्जाला तयार झाले आणि दावा उभा राहिला आहे, पण तो पडेल अशी भीती आहे.

विमा कंपनीच्या वकिलांनी लेखी म्हटलं आहे, की आधी अज्ञात वाहन आणि अडीच महिन्यांनी अचानक ओळखीच्या माणसाचं नाव, हा कंपनीला फसवायचा संगनमताचा डाव आहे. कुणीतरी दुसऱ्याने उडवलं, आणि मित्राने आपली विमा असलेली गाडी पुढे केली. शिवाय सायकलला मागे लाल काच नव्हती, त्यामुळे चूक सायकलवाल्याची, असंही आहेच.

आमचे तिवारी वकील म्हणतात, की मितानीचा उल्लेखच नको. ददांनी सांगायचं, की हा माणूस शेजारच्या गावचा, तोंडओळख आहे. धुक्यात दिसला नाही, पुढे चौकशीत कळलं. एवढं एक वाक्य, मग दावा भक्कम. जूनपासून त्यांनी दोघांना भेटूही दिलेलं नाही, कुणी पाहिलं तर साक्षीत येईल म्हणून. ददा रोज संध्याकाळी ओट्यावर बसून तुमच्या गावच्या वाटेकडे बघतात.

दीदी, आता जे लिहिते आहे ते मी कुणाला सांगितलेलं नाही. तीन दिवस मी ते वाक्य ददांकडून पाठ करून घेते आहे. 'तोंडओळख आहे.' सत्यासाठी कायदा शिकायला गेलेली मी. ते प्रत्येक वेळी 'तोंड' म्हणतात आणि थांबतात. मी पुन्हा सुरू करते. ऑपरेशनची मुदत जानेवारीअखेर संपते. डॉक्टरांनी तारीख धरून ठेवली आहे, आमच्या हातात पैसे नाहीत, पण निकाल लागला तर त्या आधारावर पतपेढी कर्ज देईल. त्या एका वाक्यात त्यांचा गुडघा आहे.

साक्ष १२ नोव्हेंबरला आहे. ककांना काय वाटतं?

गोंधळलेली,
खिलेश्वरी

----

जगदलपूर
५ नोव्हेंबर १९९९

चि. खिलेश्वरीस,
अ. उ. आ.

घाईत लिहिते, पत्र वेळेत पोचावं म्हणून. बाबांना विचारून घ्यायला डोमारला निरोप धाडला होता. त्याने सात महिन्यांनी पहिल्यांदा मला उत्तर लिहिलं. बाबा म्हणतात, महाप्रसादाने मला शंभर वेळा परका म्हणावं, पण पायावर उभं राहावं. खाली डोमारने आपल्या मनाने एक ओळ लिहिली आहे: हे सांगताना बाबा रडत होते.

तुला काय सांगू? पाय महत्त्वाचा. पण हे वाक्य बोलून ते ज्या पायावर उभे राहतील, तो त्यांना त्यांचा वाटेल का, हे तू त्यांनाच विचार. पाठ करून घेऊ नकोस, विचार.

तुझ्या पाठीशी आहेच.

रमशीला

----

दुर्ग
१२ नोव्हेंबर १९९९

सौ. रमशीलादीदीस,
सा. न. वि. वि.

कोर्टाबाहेरच्या बाकावर बसून लिहिते आहे. तुझं पत्र काल मिळालं. रात्री मी ददांना विचारलं. ते म्हणाले, की शिकलेली तू आहेस, तू सांगशील ते बोलेन. मला झोप लागली नाही आणि मी काहीच सांगितलं नाही. हा माझा भित्रेपणा आहे, तो इथे लिहून ठेवते.

पुकारा झाला. ददा काठी टेकत आत गेले. कका मागच्या बाकावर होते. पाच महिन्यांनी दोघांनी एकमेकांना पाहिलं. आणि दोन महाप्रसाद समोरासमोर आले की दुसरं काही बोलण्याआधी जे करतात, ते ददांनी केलं. काठी काखेत धरली, हात जोडले आणि भर कोर्टात 'सीताराम, महाप्रसाद' म्हणाले. तिवारी वकिलांनी डोळे मिटले. कका उभे राहिले. उत्तर दिलं नसतं तर कदाचित कुणी मनावर घेतलं नसतं. त्यांनी दिलं, ददांपेक्षा मोठ्याने.

कंपनीचे वकील लगेच उठून म्हणाले, की पाहावं साहेब, हेच आम्ही म्हणत होतो. न्यायाधीशांनी त्यांना बसवलं आणि ददांना विचारलं, हा काय प्रकार आहे?

ददांनी सगळं सांगितलं. माझं वाक्य सोडून सगळं. यांनीच उडवलं, यांनीच उचललं, हे बोलायला निघाले तेव्हा मीच तोंडावर हात ठेवला. हवालदाराला नाव सांगितलं नाही कारण आमच्यात घेत नाहीत. ती चूक माझी, कागद खोटा झाला तो माझ्यामुळे. मग कंपनीच्या वकिलांकडे वळून म्हणाले, की बाबूसाहेब, तुम्हाला फसवायचं असतं तर पहिल्याच दिवशी नाव सांगितलं असतं. लबाडाला नाव घ्यायला काय अडचण असते?

दवाखान्याची नोंदवही मी आधीच मागवून घेतली होती. जखमीला कुणी आणलं, त्या रकान्यात ककांचा अंगठा आहे, पहाटे सहा दहाचा. न्यायाधीशांनी ती दोनदा पाहिली. नंतर त्यांनी ददांना त्या माणसाचं नाव विचारलं. ददा गप्प. पुन्हा विचारलं. ददांनी मान खाली घातली. मला वाटलं, सगळं गेलं. शेवटी न्यायाधीश ककांकडे बघून म्हणाले, की तुमचं तुम्हीच सांगा. ते त्यांनी सांगितलं.

निकाल काय लागेल ठाऊक नाही. तिवारी वकील माझ्याशी बोलत नाहीत. ददा आणि कका समोर झाडाखाली बसले आहेत. चहा आला आहे. दोघेही बोलत नाहीत.

खिलेश्वरी

----

जगदलपूर
३ जानेवारी २०००

चि. खिलेश्वरीस,
अ. उ. आ.

फौजदारी कोर्टाचा निकाल आधी लागला. बाबांनी गुन्हा कबूल केला. हजार रुपये दंड आणि कोर्ट उठेपर्यंत तिथेच बसायची शिक्षा. बाबा पाच वाजेपर्यंत ताठ बसून होते. शिपायाने पाणी विचारलं तर म्हणाले, शिक्षेत पाणी चालतं का ते आधी साहेबांना विचार. परवाना सहा महिने बंद आहे. गाडी डोमार चालवतो, आणि मालाची भरणी झाली की दोन तास झोपल्याशिवाय बाबा त्याला किल्ली देत नाहीत.

तुमच्या निकालाचं लगेच कळव. तोवर घास गोड लागणार नाही.

रमशीला

----

खपरी
१७ जानेवारी २०००

सौ. रमशीलादीदीस,
सा. न. वि. वि.

दावा मंजूर झाला. विमा कंपनीने व्याजासह द्यायचं आहे. मागे लाल काच नसल्याबद्दल दहा टक्के कापले. मला ते पटलेलं नाही, पण त्याच संध्याकाळी माझ्या सायकलला काच लावून घेतली. ऑपरेशन सत्तावीस तारखेला आहे. पाय पूर्ण वाकेल असं वचन डॉक्टर देत नाहीत, भिंतीपुरता वाकेल म्हणतात.

निकाल बावीस पानांचा आहे. ददांनी तो पूर्ण वाचून दाखवायला सांगितला, पण अट घातली, की ते नाव माझ्या तोंडून त्यांच्या कानावर पडता कामा नये. मी चिडले. म्हटलं, हा न्यायालयाचा कागद आहे, यातला शब्द गाळता येत नाही. आणि वाचायला घेतला. पहिल्या पानावर नाव एकदा आलं, तिथे मी खोकले. पुढे एकवीस पानं बघते तर कुठेही नाही. सगळीकडे फक्त 'गैरअर्जदार क्रमांक एक'.

ददांनी शांतपणे ऐकलं. शेवटी म्हणाले, की बघ, तुझ्या कायद्यालाही आमच्याइतकी लाज आहे.

आज रात्री मी वाढलं आणि ते जेवले. सत्तावीसला ये. ककांनाही आण, आता त्यांना भेटायला कुणाची मनाई नाही.

तुमच्या सगळ्यांच्या मायेची हक्कदार,
खिलेश्वरी