फाटक गल्लीच्या बाजूला

ओबोच नाका,
९ मार्च २०१९

चि. अविनोस,

ताईचे आशीर्वाद. इकडे आम्ही बरे आहोत. तूही बरी आहेस असं धरून चालते, कारण तू काही कळवत नाहीस. फोन लावला तर तू ‘हं’ म्हणतेस आणि गप्प बसतेस, मग मीच हवापाण्याचं बोलते आणि ठेवून देते. म्हणून हे पत्र. मोंबासाच्या बसमध्ये सुक्या ओमेनाच्या पुडक्यासोबत टाकतेय. कागदाला मासळीचा वास आला तर नाक मुरडू नकोस. तिकडे समुद्राचे हातभर मासे मिळतात म्हणे, पण आपल्या सरोवराच्या या बोटभर मासळीची चव त्यांना यायची नाही.

ओंबाकामामांचा गुडघा अजून दुखतो, जीभ मात्र ठणठणीत आहे. गिरणीवाल्या पेरेसच्या मुलीचं लग्न ठरलं. बारचं ठीक चाललंय. यंदा आंबे फार आले, गाईगुरांनासुद्धा कंटाळा आला.

तुझी सही गेल्या वर्षीच मिळाली. आपल्या चुलतभावाने पाकीट आणून दिलं तेव्हा मी ते उलटं करून झटकून पाहिलं. आत एखादी चिठ्ठी असेल असं वाटलं होतं. नव्हती. असू दे, सही दिलीस हेच पुष्कळ. आईचा प्लॉट आपल्या दोघींच्या नावावर आहे, तुझ्या सहीशिवाय अर्ज पुढे सरकलाच नसता. त्या सहीचं पुढे काय झालं हे तुला कळायला हवं, म्हणून सगळं सांगते.

परवानगी मिळाली. आईच्या प्लॉटवर शाळा आणि पाळणाघर, दोन्ही. जानेवारीत सुरूसुद्धा झालं. बेल्डिनाबाई चालवतात. तुला दुसरीत असताना ज्यांनी कोपऱ्यात उभं केलं होतं त्याच. निवृत्त झाल्यात, पण आवाज तसाच आहे. बाजारात बसणाऱ्या बायका आता पाठीवर मूल बांधून टोमॅटो विकत नाहीत, सकाळी बाईंकडे सोडून जातात.

पण हे सरळ झालं नाही. आपला नाका पडला व्यापारी पट्ट्यात. तिथे शाळा काढायची तर जागेचा वापर बदलून घ्यावा लागतो. त्यासाठी प्लॉटवर दोन खांब पुरून पाटी लावायची: या जागेच्या वापरात बदल करण्याचे योजिले आहे, हरकत असल्यास कळवावी. मी लावली. आता आपल्याकडे प्लॉटवर पाटी म्हणजे लोकांना एकच माहीत, ‘हा प्लॉट विक्रीस नाही’. त्यामुळे वेगळी पाटी दिसताच सगळ्यांनी धरून टाकलं की हा विक्रीला निघाला. दोन दलाल येऊन गेले. तिसऱ्या दिवशी गावाकडून मोटरसायकलच्या मागे बसून ओंबाकामामा हजर, हातात काठी.

“अजून जिवंत आहे मी. माझ्या बहिणीची जागा कोणी विकायला काढली?”

“मामा, विकत नाही. वाचा तरी. वापरात बदल.”

“बदल म्हणजे मालक बदलणार. मला शिकवतेस?”

“मालक नाही बदलत, मामा. शाळा होणार आहे.”

“मग तसं लिही ना मोठ्या अक्षरात. म्हाताऱ्याला एवढ्या लांब धक्के खायला लावलेस.” आणि दोन तळलेले मासे खाऊनच गेले. जाताना पाटीचा खांब हलवून पाहिला, घट्ट आहे की नाही ते.

मग नगररचना खात्याचा अधिकारी आला, वाफुला नावाचा. पोरगेलासा, पण सज्जन. जागेवरच सुनावणी घेतली. खुर्च्या माझ्याच बारच्या. आजूबाजूचे सगळे दुकानदार आले, कारण ज्यांचा धंदा शेजारी त्यांची हरकत आधी ऐकतात. पहिला उठला सिमेंटवाला ओकुमू. तुला ठाऊकच आहे, त्याला बोलायला सभा लागते.

“शाळेला माझा विरोध नाही,” म्हणाला. “पण माझे ट्रक गल्लीत खाली होतात. उद्या एखादं पोर चाकाखाली...”

तिथे तो थांबला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी टेबलावरच्या सोड्याच्या बाटल्या सरळ करत राहिले. अविनो, त्या वाक्याचा शेवट कोणीच केला नाही. ओकुमू तसाच खाली बसला.

पेरेसला ते सहन झालं नसावं. ती लगेच उठली. “माझी हरकत लिहून घ्या, साहेब. गिरणीचं पीठ उडतं. संध्याकाळपर्यंत सगळी पोरं पांढरी होतील. आयांनी ओळखायची कशी? माझं पोर तुझ्याकडे, तुझं माझ्याकडे.” लोक गरजेपेक्षा जास्त हसले. मीही हसले.

आपण ओदिराचं नाव घेत नाही. तू घेत नाहीस म्हणून मी घेत नाही, आणि मी घेत नाही म्हणून नाका घेत नाही. चार वर्षं झाली. आज मी लिहिलं. हवं तर इथे पत्र खाली ठेव, पण फाडू नकोस, पुढे अजून आहे.

वाफुलाने नकाशा उघडला. प्लॉटला दोन बाजू, एकीकडे हमरस्ता, दुसरीकडे बाजाराची गल्ली. मी फाटक गल्लीत दाखवलं होतं. तो म्हणाला, “मॅडम, एक अडचण आहे. शाळेच्या फाटकापासून ठरावीक अंतरात दारूचं दुकान चालत नाही. तुमचा बार याच गल्लीत, चार दुकानं सोडून. शाळा मंजूर केली तर वर्षअखेरीस तुमचा परवाना पुन्हा मिळणार नाही.”

मग तोच समजुतीने म्हणाला, “पण आम्ही चालायच्या वाटेने मोजतो. फाटक हमरस्त्याकडे काढा. मग वळसा पडतो, अंतर भरतं. शाळाही होईल, बारही राहील. रेघ तेवढी इकडची तिकडे करायची, आत्ता करून देतो.”

सगळ्यांना हायसं वाटलं. ओकुमू तर उभाच राहिला. “बघा, शिकलेला माणूस. माझ्या ट्रकांचाही प्रश्न मिटला.” पेरेसने टाळी वाजवली. मामा नसूनही मला त्यांचा आवाज ऐकू आला, की घे बाई, नशीब चालून आलंय. एकट्या बेल्डिनाबाई हमरस्त्याकडे बघत होत्या, जिथे तुझी मंडाझी तळायची टपरी होती. आता तिथे काही नाही, तेलाने काळी झालेली माती आहे फक्त.

मी म्हटलं, “फाटक गल्लीत.”

ओकुमू म्हणाला, “अगं, आपल्याच पोटावर पाय देतेस? आयुष्य गेलं तुझं त्या बारात.”

“गल्लीत म्हटलं ना. तुझे ट्रक शाळा भरताना आणि सुटताना थांबव. बाकी वेळ खुशाल आण.”

“आणि तू खाणार काय?”

“तुझं डोकं. तेच आजवर खात आलेय.”

वाफुलाने मला दोनदा विचारलं. मग त्याने रेघ होती तिथेच ठेवली.

वर मी लिहिलं की बारचं ठीक चाललंय. ते खोटं आहे. डिसेंबरच्या शेवटी बार बंद झाला. शेवटच्या संध्याकाळी मी कोणाकडून पैसे घेतले नाहीत, त्यामुळे जे कधी येत नसत तेही आले आणि मला मिठ्या मारून रडले, पाद्रीबाबांचा भाऊ धरून. आता तिथे मी दुपारचं जेवण विकते, मक्याची उगाली, भाजी, मासे. चालतं बरं-वाईट. बीअर पिणारा माणूस दोन तास बसतो आणि जेवणारा पंधरा मिनिटांत उठतो, हा त्यातला फरक. मला त्या बारचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. आई गेल्यावर त्याच्यावर आपण दोघी जगलो. रिकामे क्रेट न्यायला गाडी आली त्या दिवशी मी मागच्या खोलीत जाऊन बसले. पण फाटकाचं मला एकदाही वाईट वाटलं नाही.

हे सगळं तुला उपकार म्हणून सांगत नाही. तसं वाटलं तर मला शिव्या दे, निदान तुझा आवाज ऐकू येईल. खरं सांगायचं ते निराळंच आहे, आणि त्यासाठीच हे पत्र लिहायला घेतलं. लिहिता लिहिता मी मासे, गुडघे, पाट्या करत बसले.

शाळा सुटताना बाईंना फाटकाशी एक मोठं माणूस हवं असतं. दुपारची जेवणं आटोपली की मी जाते. बाई मुलांची रांग लावतात. हात धरायला शिकवलंय, गाणं शिकवलंय, आपलं नाव पुकारेपर्यंत जागचं हलायचं नाही हे रोज घोकून घेतात. पोरं अगदी शहाण्यासारखी उभी असतात. मग गल्लीच्या तोंडाशी एकीची आई दिसते. झालं. ते पोर सुटतं. गाणं नाही, रांग नाही, बाईंचा तो आवाजसुद्धा नाही. डावीकडे बघत नाही, उजवीकडे बघत नाही, चप्पल सुटली तर चप्पल टाकून धावतं. एकाला मी दंडाला धरलं तर माझ्या हातात त्याचा शर्ट राहिला. रोज, अविनो. सगळी. सगळ्यांत गरीब, मुखदुर्बळ पोरसुद्धा. पहिल्या आठवड्यात मला बघवत नव्हतं, मी भिंतीकडे तोंड करून उभी राहायची.

तू रस्त्याच्या पलीकडे सुट्टे आणायला गेली होतीस. ओदिराला तू दिसलीस. तू त्याला हाक मारली नव्हतीस, मी तिथे होते, मी शपथेवर सांगेन. आणि मारली असतीस तरी काय? लोक म्हणतात, नीट वळण लावायला हवं होतं, टपरीत बांधून ठेवायला हवं होतं. तूही स्वतःला रात्रंदिवस तेच सांगत असणार, मी तुला ओळखते. आता मी दोन महिने रोज बघतेय म्हणून सांगते. वळण लावून होत नाही ते. आई दिसली की मूल धावतं. तुझ्या पोराने काही वेगळं केलं नाही, आणि तूही नाही. त्या दोघांच्या मध्ये रस्ता होता, एवढंच चुकलं.

शाळा सुटताना आपल्या गल्लीत फार तर हातगाडी असते.

तू यावंस असं मी म्हणत नाही. मला वाटतं, पण म्हणत नाही. कधी आलीस तर बसमधून नाक्यावर उतरू नकोस, एक थांबा आधी उतर आणि बाजारातून चालत ये. हमरस्त्याकडे आपण सलग भिंत घातली आहे, डोक्याच्याही वर, तिकडचं काही दिसत नाही. दुपारी आलीस तर मी फाटकाशीच असेन.

तुझी,
अपोंडीताई